रविवारी पाहिजे

आमच्या दुकानात एक रीत आहे. आत ते अर्धवट, बाहेर ते तयार. मोटर भरून झाली, वॉर्निश वाळलं, चालवून बघितली, की तिच्या अंगावर खडूनं बरोबरची खूण करायची आणि ती बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. गिऱ्हाईक येतं, ओट्यावर खूण बघतं, आपली वस्तू उचलतं. आत डोकावून "झालं का, झालं का" करायचं काम नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही रीत पाडली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. लोहाऱ्यात तहसीलच्या रस्त्याला आमचं जळालेल्या मोटरी भरायचं, म्हणजे त्यांत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं दुकान आहे, आणि सहा वर्षं झाली, मी त्याच्या आतल्या बाजूला आहे.

आलो होतो दोन महिन्यांसाठी. पुण्यात मी गिटार वाजवायचो. फार मोठा कुणी नव्हतो, उगाच फुशारकी कशाला मारू. हॉटेलात, लग्नाच्या रिसेप्शनला, कंपन्यांच्या पार्ट्यांना वाजवणारा पाच जणांचा बँड होता, त्यात गिटारवर मी. अप्पांना झटका आला, उजवं अंग गेलं, आणि आई फोनवर एवढंच म्हणाली, "ये." उन्हाळा होता. दुकानात मोटरींचा ढीग पडलेला आणि ओट्यावर माणसं बसलेली, कुणाचा ऊस वाळतोय, कुणाच्या जनावरांना पाणी नाही. मी लहानपणापासून अप्पांच्या हाताखाली कॉईल भरलेल्या, आयटीआयत वायरमनही झालेलो. म्हटलं, एवढा उन्हाळा काढू. मग पाऊसकाळ आला, पाऊस लांबला, सोयाबीनला पाणी द्यायला लोकांनी मोटरी काढल्या आणि जाळल्या. मग हरभरा आला. हरभऱ्यालाही मोटर लागतेच. आमच्याकडची लाईट अशी, की मोटर जळायला हंगाम लागत नाही.

झटक्यात अप्पांची वाचा गेली. पण आकडे राहिले. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, की मोजणं डोक्यात वेगळ्या जागी असतं, कधीकधी तेवढंच वाचतं. तेही मनात येईल तो आकडा म्हणता येत नाही, एकपासून ओळीनं म्हणावं लागतं. चहा पाहिजे असला, की अप्पा हळू आवाजात "एक, दोन" म्हणतात. राग आला, की जोरात म्हणतात. कॉईल भरताना माझा वेढा चुकला, तर काठी आपटतात आणि पहिल्यापासून मोजायला लागतात. जन्मभर वेढे मोजलेला माणूस, त्याला देवानं नेमकं तेवढंच ठेवलं. सकाळी नऊला आई त्यांना खुर्चीत आणून बसवायची आणि दिवस बुडेस्तोवर ते माझ्या हातांकडं बघत बसायचे. तोंडाकडं नाही, हातांकडं. मला त्याचा संताप यायचा. सहा वर्षं कुणी तुमच्या हातांकडं बघत बसलंय का? बसलं असेल तर तुम्हाला कळेल.

गिटार तिच्या काळ्या पेटीत, दुकानाच्या मागच्या भिंतीला, वायरच्या वेटोळ्यांशेजारी टांगलेली होती. पहिल्या वर्षी रोज काढायचो, दुसऱ्या वर्षी रविवारी. पुढं पुढं तिच्यावरची धूळ झटकली तरी वाजवल्यासारखं वाटायचं.

एप्रिलमध्ये फोन आला. आमच्या जुन्या बँडमधला ड्रम वाजवणारा मित्र. त्यांना गोव्याच्या एका हॉटेलात वर्षभराचं काम लागलं होतं आणि त्यांचा गिटारवाला दुबईला निघाला होता. "पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार, आमचा सोलापुरात कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "दुपारी ये, आमच्याबरोबर तीन गाणी वाजव. जमलं तर तिथूनच आमच्या गाडीत बस." मी म्हटलं, "सहा वर्षं झाली रे." तो म्हणाला, "बोटं कुठं जातात? तेवढी गिटार नीट करून आण. जाणारा त्याची घेऊन जाणार आहे. आणि तुझी ती खरखर घेऊन येऊ नकोस, हॉटेलचा मालक लई कडक माणूस आहे."

घरी सांगितलं. मला वाटलं होतं आई रडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "जा की," म्हणाली. "मी हाय न्हवं त्यांच्याजवळ." अप्पांच्या हाताखाली शिकलेला एक कारागीर उमरग्यात दुसऱ्याच्या दुकानात राबत होता, त्याला विचारलं. तो तर एका पायावर तयार. तू गेलास की सोमवारपासून येतो म्हणाला. म्हणजे बघा, कुणाचीच आडकाठी नव्हती. उरले अप्पा. ते जेवताना माझं बोलणं ऐकत होते. त्यांनी एकही आकडा म्हटला नाही, ताटातली भाकरी डाव्या हातानं मोडत राहिले. नाराज आहेत, असं मी धरून चाललो.

गिटारची गत फार वाईट होती. एक तर ती मुळातच हलकी, कुणाची तरी नक्कल. तिला एकच पिकअप. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसणारी, बोटभर लांबीची वस्तू: लोहचुंबकाचे सहा खिळे आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली, की त्या वेढ्यांत इवलासा करंट तयार होतो, तो वायरीतून ॲम्प्लिफायरला जातो आणि आवाज निघतो. माझ्या पिकअपचा आवाज पार बसला होता. आवाजाचा नॉब फिरवला की कढईत मोहरी टाकावी तसा तडतडायचा. वायर घुसवायचं भोक सैल झालेलं. आणि या सगळ्याच्या मागं सतत एक घुमणं, भिंतीपलीकडं कुणाचा तरी पंखा चालू असल्यासारखं. तारांना हात लावला की थांबायचं, काढला की पुन्हा सुरू.

मी नवा पिकअप मागवला, दोन नॉबांखालचे नवे भाग, नवं भोक, चांगली वायर आणि तांब्याची चिकटपट्टी. कुरिअर उमरग्यात अडकलं. ते एका जीपवाल्याच्या हाती मागवून घेईपर्यंत पहिला आठवडा संपून दुसरा लागला होता. बुधवारी सकाळी मी गिटार पहिल्यांदा मोटरींच्या टेबलावर आडवी घातली आणि तिचं पोट उघडलं. आत जुन्या सोल्डरिंगच्या डागांचा नुसता चिखल. असलं काम आमच्याकडं कुणी पंख्याला केलं असतं, तर अप्पांनी काठीच घातली असती.

खरं सांगतो, तो दिवस मला लई आवडला. सगळ्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवली, जोडाजोडाला डाग दिला, सगळ्या अर्थिंगच्या वायरी एका जागी आणल्या. घुमणं थांबतं ते त्यानंच. अप्पांनी खुर्ची काठीनं ढकलत ढकलत टेबलापाशी आणली होती. माझा एक डाग कच्चा बसला, तिथं त्यांनी काठीचं टोक ठेवलं. बरोबर होतं त्यांचं. मी पुन्हा दिला. नवा पिकअप त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, वेढ्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. एवढी बारीक तार त्यांनाही नवी असावी, असं मला वाटलं.

पिकअपची वायर आखूड होती. तिला मी जोड दिला, वरचं झाकण काढलेलंच होतं, आणि डाग निवायला पिकअप बाजूच्या फळीवर ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. एका गिऱ्हाइकाच्या कुलरचा पंप, त्याच्या घरी पाहुणे आलेले, तो कावलेला. दुसऱ्याच्या पंख्याचं तेच. एका कानाला फोन धरून मी पुढची कामं उरकली, तीनच्या सुमाराला मोटरसायकल काढली आणि गावाबाहेर एका विहिरीवर मोटर उतरवायला गेलो.

दिवस मावळताना परत आलो, तर दुकानात शिरण्याआधीच वास आला. वॉर्निशचा वास आम्हाला रोजचाच. हा वेगळा होता, प्लास्टिक जळाल्याचा.

इथं आमची आणखी एक रीत सांगायला पाहिजे. नवी भरलेली कॉईल तशीच देत नाहीत. ती वॉर्निशमध्ये बुडवायची, निथळवायची आणि तापवायची, म्हणजे वेढे एकमेकांना धरून राहतात. मोठ्या मोटरींचं वेगळं, पण पंखे, मिक्सर, कुलर असल्या बारक्या कॉईलींसाठी आमच्याकडं पत्र्याची पेटी आहे, आत दोनशे वॅटचे चार बल्ब. कॉईल आत ठेवायची आणि तिला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी पेटीच्या फटीतून बाहेर सोडायची, म्हणजे जळत नाही. चिठ्ठीवर गाव आणि कधी पाहिजे ते. चिठ्ठ्या आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कापतो, मागची बाजू कोरी असते म्हणून.

मी पेटी उघडली. पंख्याची कॉईल होती, पंपाची होती, मिक्सरची होती, आणि त्यांच्या शेजारी माझा पिकअप. वॉर्निशनं लडबडलेला. त्याचं प्लास्टिक वितळून एका अंगाला ओघळलं होतं आणि वेढे सुटून त्यात रुतले होते.

दुपारभर दुकानात अप्पा एकटे होते. बारक्या कॉईली ते कधीकधी डाव्या हातानं बुडवायचे. मला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं.

"कशाला हात लावलात?" मी म्हणालो. मग आवाज चढला. काय काय बोललो ते सगळं लिहायची लाज वाटते, पण थोडं लिहितो. "मुद्दाम केलंत तुम्ही. मी जाऊ नये म्हणून केलंत. सहा वर्षं धरून ठेवलंय मला या खुराड्यात, अजून पोट भरलं न्हाय तुमचं?" ओट्यावर एक म्हातारं गिऱ्हाईक पंखा न्यायला आलं होतं. ते पंखा न घेताच चपला घालून निघून गेलं.

अप्पा खुर्चीचा हात धरून अर्धे उठले. त्यांचं तोंड हललं, काहीतरी जुळवायला बघत होतं. मग माझ्या तोंडाकडं, हातांकडं नाही, तोंडाकडं बघत ते म्हणाले, "एक. दोन. तीन. चार." सुटा सुटा एकेक आकडा, मोठ्यानं.

"मोजा," मी म्हणालो. "जन्मभर दुसरं काय केलंत."

ते खाली बसले. रात्री मी जेवलो नाही. आई एवढंच म्हणाली, "त्यांनी केलं असंल तर चुकून केलं असंल. माणूस वंगाळ न्हाय तुझा बाप." मी भिंतीकडं तोंड करून पडलो. नवा पिकअप यायला आठ दिवस लागले होते आणि रविवार चार दिवसांवर होता. मनात सारखं एकच घोळत होतं, की मला इथून कुणी सुटू देणार नाही.

गुरुवारी सकाळी दुकान उघडलं. पेटीतल्या तीन कॉईली काढल्या, ज्याच्या त्याच्या चिठ्ठीसकट बसवायला घेतल्या. पेटीच्या फटीत आणखी एक चिठ्ठी लोंबत होती. तिचा दोरा वितळलेल्या पिकअपच्या वायरीला बांधलेला होता, आदल्या दिवशी मी पिकअप हिसकला तेव्हा तो तुटला असणार. चिठ्ठीच्या एका बाजूला कुणाच्या तरी पत्रिकेतली लाल अक्षरं होती, 'सहकुटुंब सहपरिवार'. मी ती उलटी केली.

'लोहारा. रविवारी पाहिजे.'

अक्षर माझं होतं. अप्पांच्या उजव्या हातानं सहा वर्षांत पेन धरलेलं नाही, आई दुकानातल्या चिठ्ठ्या लिहीत नाही. आणि माझं अक्षर मी ओळखणार नाही का? 'ह' ला मारलेला तो आडवा फटका पाचवीपासून माझाच आहे. कानाला फोन होता, गिऱ्हाईक बोंबलत होतं, फळीवर चार कॉईली होत्या. मी चारींना चिठ्ठ्या बांधल्या, चारी बुडवल्या, निथळवल्या, पेटीत ठेवल्या आणि बल्ब लावून निघून गेलो. घराला कुलूप लावलं की नाही ते आपल्याला आठवत नाही, तसं मला यातलं काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. हातांनी केलं. गिटारच्या पिकअपला वॉर्निश पाजून बल्बवर भाजणारा माणूस जगात दुसरा सापडायचा नाही. तो मोटरी भरणाराच पाहिजे.

नऊ वाजता आईनं अप्पांना आणून बसवलं. मी चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणालो, "अप्पा, म्याच केलं हे." त्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली, उलटी करून पत्रिकेची बाजू बघितली, पुन्हा सुलटी केली. मला वाटलं आता काठी बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली, काठीवर जोर देऊन उठले आणि एक पाय ओढत मागच्या फडताळापाशी गेले. खालच्या कप्प्यातल्या एका गंजक्या डब्यावर त्यांनी काठी वाजवली.

डब्यात बारीक तारेची दोन रिळं होती. अप्पा तरुणपणी रेडिओचे ट्रान्सफॉर्मर भरायचे, तेव्हाची. सेहेचाळीस नंबरची तार, हातात धरली तरी दिसत नाही, नुसती चमकते. तेव्हा मला आदल्या दिवशीचं कळलं. पिकअपवरून अंगठा फिरवताना त्यांना ती तार नवी वाटली नव्हती. ती त्यांच्या ओळखीची होती, आणि ते मला सांगता आलं नव्हतं.

लोहचुंबकाचे खिळे शाबूत होते. मोटरीत घालतो त्या फायबरच्या कागदाच्या मी दोन पट्ट्या कापल्या, त्यात खिळे बसवले आणि वितळलेल्या प्लास्टिकच्या जागी नवा सांगाडा केला. आमचं हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन जुनं आहे, दांडा एकदा फिरवला की कॉईल दहा वेळा फिरते. मोजणारा काटा कधीच मोडला आहे. तो मोडला तेव्हा अप्पांनी दुरुस्त केला नाही, त्यांना गरजच नव्हती. सातशे फेरे घालायचे होते. माझा एक हात दांड्यावर, दुसरा कॉईलवर. तार ताणून धरायला तिसरा हात लागतो. अप्पांनी खुर्ची पुढं घेतली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात तार धरली.

"एक," ते म्हणाले. मी दांडा फिरवला.

शंभर झाले की मी टेबलावर खडूची रेघ मारायचो आणि ते पुन्हा एकपासून सुरू करायचे. पहिल्यांदा तार दुसऱ्या रेघेनंतर तुटली. चूक माझी, घाई केली. सगळं सोडवलं, पुन्हा एक. दुपारी चौथ्या रेघेला तुटली. गिऱ्हाइकं येत होती, ओट्यावरून बघत होती, मी त्यांना हातानंच "उद्या" म्हणत होतो. पहिलं रीळ संपलं. शुक्रवारी सकाळी दुसरं लावलं. अप्पांचा आवाज बसला होता, पण आकडा गाळला नाही. "एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर." सहा वर्षांत माझा बाप माझ्याशी एवढं बोलला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सातव्या रेघेला मी थांबलो. त्यांनी तार सोडली आणि बोट तोंडात घातलं. तारेनं त्यांचं बोट कापलं होतं, मला आत्ता दिसलं.

या वेळी वॉर्निश नाही. आईनं लाईट गेल्यावर लावायच्या मेणबत्त्या दिल्या, एका वाटीत मेण पातळ केलं, वाटी गरम पाण्यात ठेवली आणि कॉईल त्यात सोडली. अप्पा वाटीवर वाकून बघत बसले.

शनिवारी पिकअप बसवला, शेवटचे दोन डाग दिले, तारा चढवल्या. ॲम्प्लिफायर लावण्याआधी मागच्या परसात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी घातलं. उन्हाळ्यात जमीन सुकली की आमचं अर्थिंग लागत नाही, म्हणून त्याला झाडासारखं पाणी घालावं लागतं. मग बटण दाबलं आणि नॉब शेवटपर्यंत फिरवला. काही ऐकू आलं नाही. घुमणं नाही, तडतड नाही. मला वाटलं बंदच आहे. तारांवरून बोट फिरवलं आणि दुकान भरून आवाज आला. स्वच्छ, गोल, थोडा जाडसर. विकतच्या पिकअपचा कसा आला असता मला माहीत नाही, पण असला आवाज माझ्या गिटारनं आजवर कधी काढला नव्हता. अप्पांनी डावा पंजा ॲम्प्लिफायरवर ठेवला. मी वाजवायचा थांबलो तरी त्यांनी तो काढला नाही.

रविवारी आठची गाडी होती. सोलापूरला उतरून दुपारपर्यंत पोचायचं. मी आंघोळ करून, आईनं बांधून दिलेली चटणी-भाकरी घेऊन, गिटार घ्यायला दुकानावर आलो. दुकान आधीच उघडं होतं. अप्पा खुर्चीत बसलेले. त्या दिवशी त्यांनी आईला नऊपर्यंत थांबू दिलं नव्हतं, पहाटेपासून काठी आपटून तिला उठवलं होतं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मागच्या भिंतीवर गिटारची पेटी नव्हती. मी वळलो. ती बाहेर होती, ओट्यावर, तयार मालाच्या रांगेत, कुलरचा पंप आणि एका मिक्सरच्या मध्ये. काळ्या पेटीवर खडूची बरोबरची खूण होती, डाव्या हातानं केलेली, वाकडी. मुठीला दोऱ्यानं तीच चिठ्ठी बांधली होती, माझ्या अक्षरातली. 'लोहारा. रविवारी पाहिजे.'

मी ओट्यावर तिच्याजवळ बसलो. गाडी स्टँडला लागलेली दिसत होती. स्टँड आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. कंडक्टर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. पेटी उचलायची आणि चालत जायचं, दुसरं काहीच उरलं नव्हतं.

मी रस्त्याकडं बघत होतो. खोटं कशाला लिहू, कुणीतरी जळालेली मोटर घेऊन येईल म्हणून बघत होतो. रोज या वेळेला एखादा टेम्पो येतोच, एखादा तरी माणूस हातापाया पडतोच. त्या दिवशी कुणी आलं नाही. मला भीती वाटत होती. गोव्याच्या त्या स्टेजवर जाऊन माझे हात काय करतील, याची. सहा वर्षं मी म्हणत होतो की मला अडवलंय, आणि त्या म्हणण्याच्या आधारानं मजेत जगत होतो. आता सगळी दारं उघडी होती, आणि माझे पाय ओट्यावरून खाली उतरत नव्हते.

गाडीनं हॉर्न दिला, वळली, तहसीलवरून गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी बसून होतो. मग पेटी उचलली आणि आत नेऊन भिंतीला टांगली. खडूची खूण बाहीनं पुसली.

थोड्या वेळानं मित्राचा फोन आला. कुठवर आलास म्हणाला. मी अप्पांकडं पाठ करून उभा होतो.

"येता येईना रे," मी म्हणालो. "अप्पांना सोडून निघता येत न्हाय. त्यांचं तुला माहीतच आहे. सोडत न्हाईत ते."

माझ्या मागं खुर्ची करकरली.

"एक," अप्पा म्हणाले. "दोन. तीन. चार." बुधवारी म्हणाले होते तसंच, सुटं सुटं, मोठ्यानं. त्या दिवशी मला कळलं नव्हतं. आज कळलं, ते म्हणत होते, मी नाही. मी नाही धरलं तुला.

"कोण मोजतंय रे तिकडं?" मित्रानं विचारलं.

"कुणी न्हाय," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.